नकाशावरचे झाड: पुण्यात बांधकामापूर्वी झाडांचा निर्णय कसा होतो

पुण्यातील एखाद्या जुन्या सोसायटीच्या आवारात झाडाच्या बुंध्यावर महापालिकेची छापील नोटीस चिकटवलेली दिसते, तेव्हा हे झाड आता राहणार नाही हे बहुतेक रहिवाशांना प्रथमच कळते. मग धावपळ सुरू होते. कोणी नोटिशीचे छायाचित्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकतो, कोणी ओळखीच्या माजी नगरसेवकाला फोन करतो, कोणी हरकतीचा अर्ज कसा लिहायचा हे विचारत फिरतो. ही धडपड योग्यच आहे आणि कायद्याने तसा हक्क दिलेला आहे. परंतु नोटीस लागते तोपर्यंत वास्तुविशारदाच्या कार्यालयात इमारतीचा नकाशा तयार झालेला असतो, त्यावर वाहनतळाचा उतार, तळघराची भिंत आणि अग्निशमनाच्या गाडीचा रस्ता आखलेला असतो, आणि झाड नेमके त्यांपैकी एखाद्या रेषेवर उभे असते. झाडांविषयीचा कायदा समजून घेताना ही गोष्ट प्रथम लक्षात ठेवावी लागते: परवानगी झाड तोडण्याची मागितली जाते, पण झाडाचे भवितव्य त्याआधीच, इमारत कोठे उभी राहणार हे ठरते तेव्हा, बरेचसे ठरून जाते.

कायद्याचे पूर्ण नाव ‘महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५’ असे आहे. महापालिका आणि नगरपालिका यांच्या हद्दीतील झाडांना तो लागू होतो, मग ते झाड सार्वजनिक रस्त्यावर असो, सोसायटीच्या आवारात असो किंवा एखाद्याच्या खासगी बंगल्याच्या मागच्या अंगणात असो. ‘माझ्या जागेतले झाड मी लावले, मी वाढवले, तर मी तोडीन’ हा युक्तिवाद या कायद्यापुढे टिकत नाही. जमीन मालकाची असते, झाडही त्याचेच असते, पण ते तोडण्याचा निर्णय त्याच्या एकट्याचा नसतो. आणखी महत्त्वाचे म्हणजे या कायद्यातील ‘तोडणे’ या शब्दात करवतीने कापण्याबरोबरच झाड जाळणे आणि त्याला कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे याही गोष्टी येतात. बुंध्याची साल गोलाकार सोलून काढणे किंवा मुळांत रसायन ओतणे हीदेखील कायद्याच्या भाषेत वृक्षतोडच आहे. मात्र व्याख्या इतकी रुंद असूनही तिचा वापर किती अरुंद होतो, हे पुढे मुळांविषयी बोलताना दिसेल.

हा कायदा शहराबाहेर चालत नाही. ग्रामीण भागात महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ लागू होतो आणि तो सर्व झाडांना संरक्षण न देता साग, चंदन, खैर, आंबा, फणस, मोह, जांभूळ अशा अनुसूचीतील ठरावीक जातींनाच देतो. त्यामुळे एखादे गाव महापालिकेत समाविष्ट झाले की तेथील कडुनिंबाला किंवा वडाला लागू होणारा कायदा बदलतो. पुण्याच्या कडेने गेल्या तीन दशकांत जी गावे हद्दीत आली, त्यांपैकी कित्येक ठिकाणी जुन्या शेतांच्या बांधावर आजही मोठी झाडे उभी आहेत, आणि ‘हे तर शेत आहे, इथे कसली परवानगी’ या समजुतीने ती पाडली जातात. हद्द बदलली आहे हे तेथील मालकाला ठाऊक नसले, तरी कायदा बदललेलाच असतो.

निर्णय कोण घेते

या कायद्याखाली प्रत्येक नागरी संस्थेत वृक्ष प्राधिकरण असते. महापालिकेत आयुक्त त्याचे अध्यक्ष असतात, लोकनियुक्त सदस्यांना त्यात स्थान असते, आणि वृक्षसंवर्धनाचे ज्ञान असलेल्या अशासकीय संस्थांच्या प्रतिनिधींनाही घेता येते. प्रत्यक्ष जागेवर जाणारा, बुंध्याचा घेर मोजणारा आणि अहवाल लिहिणारा माणूस म्हणजे वृक्ष अधिकारी. पुण्यात हे काम उद्यान विभागाकडे आहे. परवानग्या देणे एवढेच प्राधिकरणाचे काम आहे असा समज रूढ असला, तरी कायद्याने त्यावर दर पाच वर्षांनी वृक्षगणना करण्याची, रोपवाटिका चालवण्याची आणि कोणत्या जागेत किती झाडे असावीत याचे प्रमाण ठरवण्याचीही जबाबदारी टाकली आहे.

लोकनियुक्त सदस्यांचा मुद्दा पुणेकरांसाठी केवळ तांत्रिक नव्हता. मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि त्यानंतर दीर्घकाळ कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. ज्या काळात शहरात जुन्या इमारतींचा पुनर्विकास जोरात सुरू होता, त्याच काळात झाडांविषयीच्या चर्चेत प्रभागातून निवडून आलेला माणूस नव्हता. नगरसेवक असते तर प्रत्येक झाड वाचले असते असे मी म्हणणार नाही. परंतु ज्याला रस्त्यात अडवून विचारता येते असा एक माणूस त्या प्रक्रियेतून वजा झाला होता.

प्रक्रियेचे टप्पे सांगायला सोपे आहेत. मालक किंवा विकसक जागेचे कागद, बांधकामाचा नकाशा, झाडांची यादी आणि छायाचित्रे जोडून अर्ज करतो. वृक्ष अधिकारी पाहणी करतो. त्यानंतर वर्तमानपत्रात जाहीर सूचना द्यावी लागते आणि झाडावर सहज दिसेल अशा जागी नोटीस लावावी लागते. नोटिशीत दिलेल्या मुदतीत, जी पुण्यात सहसा सात दिवसांची असते, कोणताही नागरिक हरकत नोंदवू शकतो; तो त्या सोसायटीचा सभासद असण्याची गरज नाही. हरकतींचा विचार होऊन परवानगी मिळते, नाकारली जाते किंवा अंशतः मिळते, म्हणजे काही झाडे तोडण्यास, काहींचे पुनर्रोपण करण्यास आणि काही जागेवरच ठेवण्यास सांगितले जाते. बदली झाडे लावली जातील याची हमी म्हणून अनामत रक्कम भरून घेतली जाते. बांधकाम पूर्ण झाल्यावर भोगवटा पत्र, म्हणजे इमारत वापरण्याची परवानगी, मिळण्याआधी उद्यान विभागाचा ना-हरकत दाखला पुन्हा लागतो.

कागदावर ही साखळी पक्की आहे. तिचा कमकुवत दुवा अगदी पहिल्या टप्प्यात आहे: अर्जासोबत जोडलेला बांधकामाचा नकाशा. तो नकाशा गृहीत धरूनच वृक्ष अधिकाऱ्याला विचारले जाते की हे झाड बांधकामाच्या आड येते का. ज्या नकाशात तळघर जवळजवळ संपूर्ण भूखंडाखाली पसरलेले आहे, त्या नकाशात प्रत्येक झाड आड येणारच. तळघर थोडे अलीकडे थांबवता आले असते का, उतार दुसऱ्या कोपऱ्यातून घेता आला असता का, हे प्रश्न त्या वेळी कोणी विचारले तरी उशीर झालेला असतो. कारण तोवर सदनिकांचे क्षेत्रफळ ठरलेले असते, सभासदांना मिळणारे वाढीव चौरस फूट जाहीर झालेले असतात आणि बँकेपर्यंत हिशेब पोहोचलेला असतो.

येथे विकसकाला सरसकट दोष देणे अन्यायाचे होईल. राज्यात डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार इमारत जितकी उंच, तितके सामासिक अंतर, म्हणजे इमारत आणि भूखंडाची हद्द यांमधील मोकळी जागा, जास्त सोडावे लागते; उंच इमारतीभोवती अग्निशमनाची गाडी फिरावी म्हणून सहा मीटर रुंदीची मोकळी वाट ठेवावी लागते; आणि सदनिकांच्या संख्येनुसार वाहनतळाची सोय करावी लागते. तीन मजली जुन्या इमारतीच्या जागी बारा मजली इमारत आली की कुंपणालगतची जी पट्टी आजवर झाडांची होती, तीच पट्टी आता वाहनांची आणि बंबाची होते. हे सगळे नियम माणसांच्या सुरक्षिततेसाठी आणि सोयीसाठी केलेले आहेत आणि त्यांपैकी एकही झाडांच्या विरोधात लिहिलेला नाही. मात्र त्या प्रत्येकाने आपापली जागा मागितल्यानंतर शिल्लक राहते ती झाडाची. चार हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावर दहा टक्के मोकळी जागा सोडण्याचे बंधन आहे, पण मध्यवस्तीतील सोसायट्यांचे बहुतेक भूखंड त्याहून कितीतरी लहान असतात.

वय कसे मोजायचे

२०२१ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि तिने झाडाच्या वयाला मध्यवर्ती स्थान दिले. पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला ‘वारसा वृक्ष’ म्हणण्याची तरतूद आली. तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी नवी झाडे लावावीत, ती अगदी कोवळी रोपे नसून किमान सहा फूट उंचीची असावीत, त्यांची स्थाननिश्चिती करून नोंद ठेवावी आणि सात वर्षे जोपासना करावी, असे बंधन आले. दोनशे किंवा अधिक झाडे तोडण्याचे प्रस्ताव आणि वारसा वृक्षांचे प्रस्ताव राज्य पातळीवरील प्राधिकरणासमोर नेण्याची कल्पनाही त्याच दुरुस्तीत मांडली गेली. कोणत्या संख्येच्या वर कोणाचा अधिकार, याबाबतच्या तरतुदी या कायद्यात वेळोवेळी बदलत आल्या आहेत, म्हणून अर्ज किंवा हरकत लिहिताना त्या दिवशी लागू असलेला मजकूरच पाहावा.

पन्नास वर्षांचा हा निकष पुण्याच्या दृष्टीने किती अर्थपूर्ण आहे, हे शहराच्या इतिहासाकडे पाहिले की समजते. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठची जुनी वस्ती वाहून गेली. त्यानंतर गोखलेनगरसारख्या पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या, आणि पुढच्या दोन दशकांत शहर कोथरूड, सहकारनगर, बिबवेवाडीच्या दिशेने पसरत गेले. त्या वसाहतींत राहायला आलेल्या पहिल्या पिढीने घराच्या कोपऱ्यात आंबा लावला, फाटकाजवळ गुलमोहर लावला, विहिरीच्या किंवा नळाच्या सांडपाण्यावर नारळ आणि शेवगा वाढवला. ती झाडे आज पन्नाशीला आली आहेत किंवा ती ओलांडून गेली आहेत. नेमक्या त्याच इमारती आता जुन्या झाल्या आहेत आणि पुनर्विकासाच्या रांगेत उभ्या आहेत. म्हणजे घर आणि झाड एकाच वयाचे आहेत. घराचे वय वाढले की ते पाडण्याचे कारण होते आणि झाडाचे वय वाढले की ते राखण्याचे.

प्रश्न असा की झाडाचे वय सांगायचे कोणी आणि कसे. थंड प्रदेशांत खोडातील वार्षिक वलये मोजता येतात, परंतु आपल्याकडील बहुतेक झाडांत अशी वलये स्पष्ट उमटत नाहीत. साग हा त्यातला ठळक अपवाद. शिवाय उभ्या झाडाची वलये पाहायची तर खोडात भोक पाडावे लागते. त्यामुळे व्यवहारात छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजून, त्या जातीच्या वाढीचा वेग गृहीत धरून वयाचा अंदाज केला जातो. येथे जात ओळखणे फार महत्त्वाचे ठरते. पुण्याच्या जुन्या रस्त्यांवर सावली धरणारा पर्जन्यवृक्ष झपाट्याने जाड होतो, तर चिंच सावकाश वाढते. दोघांचा घेर सारखा भरला तरी चिंच कितीतरी वयस्कर असू शकते. खडकाळ, मुरमाड जमिनीत वाढलेले झाड आणि सांडपाण्याच्या ओलीवर वाढलेले झाड यांतही असाच फरक पडतो. अंदाज पंचेचाळीस वर्षांचा लिहिला तर झाड साधे राहते आणि बावन्न वर्षांचा लिहिला तर ते वारसा वृक्ष होते, म्हणून या एका आकड्याभोवती सर्वाधिक ओढाताण होणे स्वाभाविक आहे. जुन्या रहिवाशांकडील पुरावा या ठिकाणी फार उपयोगी पडू शकतो. १९७४ सालच्या वास्तुशांतीच्या छायाचित्रात मागे दिसणारे कमरेएवढे आंब्याचे रोप हा घेराच्या कोणत्याही अंदाजापेक्षा भक्कम दाखला आहे, आणि असे अल्बम पुण्यातील घराघरांत आहेत.

आता बदली झाडांचा हिशेब करून पाहू. वीस गुंठ्यांच्या, म्हणजे सुमारे दोन हजार चौरस मीटरच्या भूखंडावरील तीन झाडे तोडायची आहेत असे समजा आणि त्यांची वये १२, ३० आणि ४८ ठरली. नियमानुसार नव्वद झाडे लावावी लागतील. प्रत्येक झाडाला तीन मीटर बाय तीन मीटर एवढी जेमतेम जागा दिली तरी आठशे दहा चौरस मीटर लागतात, म्हणजे भूखंडाचा चाळीस टक्के भाग. इमारत, वाहनतळ आणि बंबाची वाट यांच्यानंतर तेवढी जागा उरत नाही. साहजिकच बदली झाडे दुसरीकडे जातात: एखाद्या टेकडीच्या उतारावर, महापालिकेच्या राखीव जागेत, रस्त्याच्या दुभाजकात. झाडांची एकूण संख्या भरून निघते, पण ज्या गल्लीतील सावली गेली त्या गल्लीत ती परत येत नाही. मोठ्या वडाचा विस्तार वीस मीटर व्यासाचा असेल तर तो एकटा तीन गुंठ्यांहून अधिक जमिनीवर सावली धरतो; ती सावली दुसऱ्या प्रभागातील सहा फुटी रोपांत मोजता येत नाही.

संख्येचा हा मोह शहराच्या वृक्षगणनेतही दिसतो. पुण्याच्या वृक्षगणनेत झाडांची संख्या सुमारे चाळीस लाख भरली, आणि हा आकडा अभिमानाने सांगितला जातो. परंतु त्यात गिरिपुष्पाचा वाटा फार मोठा आहे. टेकड्या हिरव्या करण्यासाठी लावलेले हे परदेशी झाड उथळ मातीत आणि कमी पाण्यात तग धरते, म्हणून त्याची लागवड सोपी होती. त्याचा उपयोग नाकारण्याचे कारण नाही. तरीही टेकडीवरचे एक गिरिपुष्प आणि भांडारकर रस्त्यावरील गल्लीत तीन मजल्यांपर्यंत पोहोचलेला जुना आंबा हे दोन्ही गणनेत ‘एक झाड’ म्हणूनच नोंदले जातात, आणि कायदा समजून घेणाऱ्याने ही मर्यादा ओळखली पाहिजे. वयाच्या पटीत नवी झाडे लावण्याचा नियम या त्रुटीवर निम्मा उपाय करतो. उरलेला निम्मा उपाय जागेचा आणि पाण्याचा आहे. पुण्यात पाऊस मुख्यतः जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. वर्षातील उरलेले आठ महिने रोपाला कोणीतरी पाणी घालावे लागते, आणि हे सात वर्षे करायचे असते.

मुळे कोणाच्या हिशेबात

माझ्या राहत्या गल्लीत शेजारच्या भूखंडावर एक चिंच होती. पुनर्विकासाच्या वेळी ती तोडण्याची परवानगी मिळाली नाही, आणि आम्ही सगळे समाधानाने घरी गेलो. पुढच्या उन्हाळ्यात तळघरासाठी खोदाई झाली. पोकलेनने बुंध्यापासून जेमतेम दीड मीटरवर सरळ उभी भिंत कापली आणि त्या भिंतीतून मनगटाएवढी जाड मुळे तुटलेल्या दोरखंडांसारखी बाहेर लोंबत होती. दुसऱ्या बाजूला राडारोड्याचा ढीग बुंध्याला टेकून रचला होता. पहिल्या पावसाळ्यात चिंचेला पालवी आली, पण शेंडे उघडे राहिले. दुसऱ्या वर्षी अर्धे झाड वाळले. तिसऱ्या वर्षी ते धोकादायक ठरले आणि रीतसर काढले गेले. धोकादायक झाड काढण्याविषयी कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नव्हते. त्या झाडाच्या फायलीत प्रत्येक कागद नियमाप्रमाणे असेल, असे मला वाटते.

झाडाची मुळे जमिनीत खोलवर, फांद्यांच्या प्रतिबिंबासारखी गेलेली असतात, अशी आपली समजूत शाळेतल्या चित्रांमुळे झाली आहे. प्रत्यक्षात पाणी आणि अन्न शोषणाऱ्या बारीक मुळांचा मोठा भाग जमिनीच्या वरच्या अर्ध्या ते एक मीटर थरात असतो आणि तो फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतो. पुण्यात तर थोड्याच खोलीवर मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण लागतो, त्यामुळे मुळांना आडवे पसरण्यावाचून गत्यंतर नसते. या बारीक मुळांना हवा लागते. वर दोन फूट भराव टाकला, जड वाहनांनी माती दाबली गेली किंवा सिमेंटचे धुवण सतत मुरत राहिले, तर झाडाला हात न लावताही ते मरते; फक्त ते मरायला दोन-तीन वर्षे लागतात आणि तोपर्यंत कारण व परिणाम यांचा संबंध जोडणारे कोणी उरत नाही.

ब्रिटनमध्ये बांधकामाच्या जागेवरील झाडांसाठी जे मानक वापरले जाते, त्यात एक सोपा नियम आहे: बुंध्याच्या व्यासाच्या बारा पट त्रिज्येचे वर्तुळ हे त्या झाडाच्या मुळांचे संरक्षित क्षेत्र मानायचे, त्याभोवती काम सुरू होण्यापूर्वी पक्के कुंपण घालायचे, आणि काम संपेपर्यंत त्यात खोदाई, भराव, सामानाची साठवण यांपैकी काहीही करायचे नाही. बुंध्याचा घेर १९० सेंटिमीटर असेल तर व्यास सुमारे साठ सेंटिमीटर होतो, त्रिज्या ७.२ मीटर येते, आणि वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १६३ चौरस मीटर, म्हणजे दीड गुंठ्याहून थोडे अधिक. एक मध्यम आकाराचे झाड खऱ्या अर्थाने राखायचे तर एवढी जमीन मोकळी ठेवावी लागते. हे मानक आपल्याकडे बंधनकारक नाही, पण मापन कोणालाही टेपने करता येते, आणि नकाशावर हे वर्तुळ काढले की झाड वाचणार की नाही हे खोदाईच्या आधीच दिसते. आपल्याकडे या दिशेने एक पाऊल राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांविषयी टाकले. झाडाभोवतीचे एक मीटर त्रिज्येतील काँक्रीट काढण्याचा आदेश लवादाने दिला. एक मीटर हे फार थोडे आहे, तरी बुंध्याभोवतीची जमीन हा झाडाचाच भाग आहे हे तत्त्व त्यात मान्य झाले.

म्हणूनच ‘झाड जागेवर ठेवावे’ एवढी अट मला अपुरी वाटते. कोणत्याही प्रकारे इजा पोहोचवणे म्हणजेही तोडणे, ही व्याख्या मुळांना लागू करण्यास कायद्यात अडथळा दिसत नाही. परवानगीपत्रात मात्र बुंध्यांची संख्या लिहिली जाते, खोदाईचे अंतर क्वचितच.

पुनर्रोपण हा मधला मार्ग म्हणून सुचवला जातो आणि पुण्यात मेट्रोच्या कामात तो मोठ्या प्रमाणावर वापरला गेला. वड, पिंपळ, उंबर ही एकाच कुळातील झाडे स्थलांतर बऱ्यापैकी सोसतात. खोल सोटमूळ असलेली, वयस्कर झाडे फार कमी वेळा सोसतात. चांगले पुनर्रोपण हे सावकाशीचे काम आहे: काही आठवडे आधी टप्प्याटप्प्याने मुळे छाटून नवी बारीक मुळे फुटू द्यायची, मातीचा मोठा गोळा गोणपाटात बांधायचा, पावसाळ्याच्या तोंडावर हलवायचे आणि पुढे दोन-तीन वर्षे पाणी द्यायचे. जेसीबीने एका दुपारी उपटून, फांद्या बुडख्यापर्यंत छाटून दुसरीकडे रोवलेला ओंडका हे पुनर्रोपण नव्हे, परवानगीच्या कागदावर त्याला तेच नाव असले तरी.

विनापरवाना तोडीसाठी २०२१ च्या दुरुस्तीने प्रत्येक झाडामागे एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद केली. ती पूर्वीच्या काही हजारांच्या मानाने मोठी आहे. पश्चिम बंगालमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाचे मूल्य त्याच्या वयाला ७४,५०० रुपयांनी गुणून काढावे असे सुचवले. त्या हिशेबाने पन्नास वर्षांच्या झाडाचे मूल्य सदतीस लाख पंचवीस हजार रुपये होते. तो आकडा कायदा नाही, एका समितीची शिफारस आहे. तरी दंड आणि मूल्य यांच्यातील हे अंतर पाहिले म्हणजे दंडाच्या भीतीवर किती विसंबायचे हे ठरवता येते.

नोटिशीच्या आधी

एप्रिल २०२३ मध्ये नदीकाठ प्रकल्पातील वृक्षतोडीविरुद्ध पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. शेकडो झाडांचा एक प्रकल्प असतो तेव्हा असे घडू शकते, न्यायालयात आणि पुण्यातच बसणाऱ्या हरित लवादाच्या पश्चिम पीठापुढे दादही मागता येते. सोसायटीच्या आवारातील तीन झाडांसाठी मोर्चा निघत नाही, आणि दोनशेच्या आकड्यापर्यंत तर असा कोणताही भूखंड पोहोचत नाही. प्रत्येक अर्ज स्वतंत्रपणे निकाली निघतो. एका गल्लीतील आठ सोसायट्यांनी पाच वर्षांत मिळून किती झाडे गमावली याची बेरीज कोणत्याही एका अर्जात येत नाही. त्यामुळे खासगी भूखंडावरील झाडाचा पहिला रक्षक त्याच सोसायटीचा सभासद असतो, आणि त्याच्या हातात सर्वाधिक सत्ता विकासक निवडण्यापूर्वी असते.

निविदा मागवण्याआधी आवारातील प्रत्येक झाडाची जात, घेर, अंदाजे वय आणि नेमकी जागा दाखवणारा नकाशा सोसायटीने स्वतःच तयार करून घ्यावा. भूमापकाला तेवढे काम वाढीव सांगणे कठीण नसते. तोच नकाशा निविदेसोबत प्रत्येक विकसकाला दिला, की कोणती झाडे ठेवता येतील याचे उत्तर त्यांच्या प्रस्तावातच लिहून येते, आणि दोन प्रस्तावांची तुलना चौरस फुटांबरोबर झाडांवरही करता येते. जी झाडे ठेवायची ठरली, ती विकसन करारनाम्यात क्रमांकासह लिहावीत आणि खोदाई त्यांच्यापासून किती मीटर दूर राहील हेही लिहावे. करारनाम्यात वाढीव क्षेत्र, भाडे, बँक हमी यांविषयी पानेच्या पाने असतात. झाडांविषयी एक परिच्छेद मागितला तर कोणी नाही म्हणत नाही, कारण त्या टप्प्यावर विकसकाला सोसायटीची सही हवी असते.

शेजारच्या भूखंडावरील झाडासाठी मात्र नोटिशीनंतरचाच मार्ग उरतो. त्या वेळी लिहायच्या हरकतीत ‘झाडे वाचवा’ एवढेच असेल तर ती नोंदवली जाते आणि बाजूला राहते. त्याऐवजी नोटीस कोणत्या तारखेला दिसली, झाड नकाशातील कोणत्या बाजूस आहे, वय कमी लिहिले असल्यास त्याचा पुरावा काय, आणि उतार किंवा तळघराची भिंत कोठे हलवल्यास झाड वाचते, हे मुद्देसूद लिहिले तर अधिकाऱ्याला त्याचे उत्तर द्यावे लागते. परवानगीची प्रत, बदली झाडे कोठे लावली याची नोंद आणि अनामत रक्कम परत केली का, ही माहिती माहिती अधिकाराखाली मागता येते; उत्तरासाठी तीस दिवसांची मुदत आहे.

शेवटचा टप्पा भोगवटा पत्रानंतरचा आहे आणि त्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. सात वर्षांच्या जोपासनेचे बंधन विकसकाने परवानगी घेताना स्वीकारलेले असते, पण इमारत ताब्यात दिल्यावर तो दुसऱ्या कामाकडे वळतो आणि नव्या समितीला त्या बंधनाची कल्पनाही नसते. ताबा घेताना समिती लिफ्टची हमीपत्रे, जनित्राचे कागद, पाण्याच्या टाक्यांचे नकाशे यांची यादी तपासून सही करते. त्याच यादीत लावलेल्या झाडांचे तपशील, त्यांच्या स्थाननोंदी, लागवडीची तारीख आणि सातवे वर्ष कोणत्या महिन्यात पूर्ण होते हे लिहून मागावे, आणि जी रोपे त्या दिवशी आळ्यात उभी नसतील त्यांच्यापुढे तसा शेरा मारून मगच सही करावी.